नदीपलीकडे बंद पडलेला नंबर

दोन्या निमियाच्या डाव्या हाताला बोटं लावली की कातडीखाली काहीतरी घरघरताना जाणवायचं. डायलिसिससाठी तिथली शीर आणि धमनी जोडून घेतलेली असते, त्याची ती घरघर. मी अकरा वर्षं एनकार्नासिओनच्या डायलिसिस केंद्रात नर्स आहे, असे हात रोज बघते. पण तसल्या हाताने सहा-सहा तास पोशाखांवर टिकल्या शिवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कार्निव्हल जवळ आला की गावातल्या निम्म्या नाचणाऱ्या पोरी तिच्या दारात उभ्या असायच्या. पिसं, मणी, तारेचे सांगाडे, चमकीचं कापड, सगळं तिच्या पुढच्या खोलीत भरलेलं. "पिसारा नऊ किलोचा असला तरी पोरीला पाठीवर जाणवता कामा नये," असं ती म्हणायची. "जाणवला तर तो पिसारा नाही, पोतं."

दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. वय त्रेपन्न. नवरा कधीच सोडून गेलेला. मुलगा एव्हेर स्पेनमध्ये गवंडीकाम करायचा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ती आमच्या खिडकीजवळच्या चार नंबरच्या खुर्चीत चार तास बसायची, आणि किडनीच्या यादीत तिचं नाव लागून पाच वर्षं झाली होती.

या यादीचं एक असतं. किडनी कधी मिळेल ते कुणालाच माहीत नसतं. कुठेतरी कुणीतरी गेल्याशिवाय ती मिळत नाही. मिळाली की राजधानीतून, असुन्सिओनहून फोन येतो. तो उचलायचा, सहा तासांचा रस्ता धरायचा. उचलला नाही तर थोडा वेळ वाट बघतात आणि पुढच्या माणसाला लावतात. म्हणून दोन्या निमिया फोन कधी खाली ठेवायची नाही. अंघोळीला जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवायची. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची, म्हणजे वाजला तर पटकन बाहेर पडता येईल.

आधी तिचा साधा फोन होता, पैसे भरले तेवढा चालणारा. एकदा बॅलन्स संपला आणि दोन दिवस तिच्या लक्षातच आलं नाही. एव्हेरला ते कळल्यावर त्याने तिकडून पैसे पाठवले, नवा फोन घ्यायला लावला आणि महिन्याचं बिल येणारी लाइन करून दिली. "आता बॅलन्स संपायची भीतीच नको, आई," तो म्हणाला. कंपनीच्या दुकानात तिने आठ पानांवर सह्या केल्या. ती नदीपलीकडे पोसादासला अधूनमधून जायची, म्हणून तिने काउंटरवर विचारलंही होतं, "अर्जेंटिनात चालेल ना हा?"

"जगात कुठेही चालेल, सेन्योरा," तिथला मुलगा म्हणाला.

ते खोटं नव्हतं. त्याच पानांवर बारीक अक्षरात असंही लिहिलं होतं की परदेशात रोमिंग आपोआप सुरू होईल, आणि बिल ठरावीक आकड्याच्या वर गेलं की लाइन आपोआप बंद होईल. ते तिने वाचलं नाही. मीही माझं कधी वाचलेलं नाही.

नोव्हेंबरातला बुधवार होता. पोसादासच्या एका नाच-मंडळाने तिला बावीस पोशाखांची ऑर्डर दिली होती, त्यांची मापं घ्यायला ती सकाळच्या रेल्वेगाडीने पलीकडे गेली. पुलावरून गाडी आठ-दहा मिनिटांत पोचते, लांब असते ती फक्त पासपोर्टची रांग. मंडळाचं शिवणकाम एका जुन्या गोदामात चालायचं. तिथली प्रमुख ग्रासिएला ही तिची जुनी ओळखीची. पत्र्याखाली पंखे फिरत होते, रेडिओ चालू होता, आणि बायका तेरेरेचा, बर्फाच्या पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, पेला एकमेकींना देत होत्या. दोन्या निमियाला पाणी मोजून प्यावं लागायचं. पेला तिच्याकडे आला की ती त्यातला बर्फाचा एक खडा उचलायची आणि पेला पुढे द्यायची.

ती प्रत्येक पोरीचं माप घेत होती, टाचण्या लावत होती आणि फोटो काढत होती. पुढून, मागून, बाजूने. नाचताना कापड कुठे ओढतंय ते कळावं म्हणून व्हिडिओही. दीडशे-एक फोटो झाले असतील. नव्या फोनला एक सवय होती, काढलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ तो आपणहून इंटरनेटवर कुठेतरी साठवायला पाठवायचा. घरी ते वायफायवरून व्हायचं आणि कळायचंही नाही. इथे ते अर्जेंटिनाच्या टॉवरवरून होत होतं. साडेअकराला मेसेज आला की ठरलेली मर्यादा संपली आहे. पाच मिनिटांनी दुसरा आला की सेवा थांबवण्यात आली आहे. फोन पिशवीत होता आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

असुन्सिओनहून पहिला फोन अकरा वाजून पन्नास मिनिटांनी केला गेला. लागला नाही.

बारा चाळीसला आमच्या केंद्राचा फोन वाजला. पलीकडे डॉक्टर ओविएदो होत्या, यादीचं काम बघणाऱ्या. त्या कधीच जास्त बोलत नाहीत.

"निमिया आयाला तुमच्याकडची ना?"

"हो."

"किडनी आहे. पहिलं नाव तिचं. तिचा नंबर बंद दाखवतोय, आणि दुसरा नंबर अस्तित्वातच नाही म्हणतात."

दुसरा नंबर तिच्या थोरल्या बहिणीचा होता, आणि बहीण जूनमध्ये गेली होती. तो बदलून घेण्याचा फॉर्म माझ्याकडे होता. दोनदा दोन्या निमियाला सांगायचं ठरवलं आणि दोनदा मशिनची शिटी वाजली म्हणून उठून गेले.

"मी शोधते," मी म्हटलं.

"तीनपर्यंत शोधा. त्यानंतर मला पुढच्याला लावावा लागेल. तिच्यासोबत राखीव म्हणून एकाला बोलावलंय, तो निघालाय. पण पहिली ती आहे."

खोलीत सात मशिनी चालू होत्या. मी दुसऱ्या नर्सला म्हटलं, "जरा बघ गं," आणि टेबलावरचा फोन घेतला. माझा स्वतःचा मोबाइल नियमाप्रमाणे कपाटात कुलूपबंद होता. त्या कपाटाचा मला दोन तास विसरच पडला, आणि ते मी अजून विसरलेली नाही.

तिच्या मेहुण्याचं, देल्मिरोचं, टॅक्सीचं काम होतं. गेलेल्या बहिणीचा तो नवरा. टॅक्सी स्टँडवर फोन लावला, दुसऱ्याने उचलला, त्याने हाक मारली, देल्मिरो धावत आला.

"पोसादासला गेलीय," तो म्हणाला. "मापं घ्यायला."

"कुठे पोसादासला?"

"कसलं तरी मंडळ. नावात तारा आहे."

"पोसादासमधल्या सगळ्या मंडळांच्या नावात तारा आहे, देल्मिरो."

"मग मी जातो शोधायला."

"पुलावर गाड्यांची रांग किती आहे?"

बुधवारी खरेदीची गर्दी असते, तीन तासांच्या आत पूल ओलांडता येत नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही आपल्या बाजूच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन उभे राहा, गाडीत पेट्रोल भरून. आली तर तिथेच येईल.

मग मी पोसादासच्या रेडिओ स्टेशनांचे नंबर शोधले. माझी आई खेड्यातली; तिथे कुणी आजारी पडलं, कुणाची बस चुकली, तर रेडिओवरूनच निरोप जायचा. पहिल्या स्टेशनवर कुणी उचललं नाही. दुसऱ्यावर एकाने अर्ज पाठवा म्हणून सांगितलं. तिसऱ्यावर एक बाई होती. तिने माझं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "नाव परत सांग, हळू." एक पन्नासला तिने गाणं मध्येच थांबवून निरोप वाचला.

तिकडे गोदामात काय झालं ते मला नंतर कळलं.

दीडच्या सुमाराला दोन्या निमियाने फोटो बघायला फोन काढला, तेव्हा तिने मेसेज वाचले. तिला आधी वाटलं बॅटरीचं काहीतरी असेल. बंद करून चालू केला. तोच मेसेज. तिने स्वतःच ग्रासिएलाच्या फोनवरून आपला नंबर लावून बघितला, आणि यंत्रातल्या बाईने सांगितलं की हा ग्राहक उपलब्ध नाही.

"कधीपासून बंद आहे?" ग्रासिएलाने विचारलं.

"साडेअकरापासून."

"दोन तास तर झालेत. पाच वर्षांत आला नाही तो याच दोन तासांत येणार आहे का? बस, जेवून घे."

"तू जेव," दोन्या निमिया म्हणाली.

तिने ग्रासिएलाच्या फोनवरून असुन्सिओनचा नंबर लावला. परदेशी कॉलला पुरेसा बॅलन्स नाही, असं उत्तर आलं. गोदामात वायफाय नव्हतं. फोन कंपनीचा नंबर इकडून लागेना. शेवटी मेसेजपुरता बॅलन्स होता म्हणून ग्रासिएलाच्या फोनवरून तिने मला मेसेज पाठवला: "मिर्ना पोरी, माझा फोन बंद आहे, काही आलं तर या नंबरवर कळव." तो मेसेज कपाटात पडून राहिला. दहा मिनिटं उत्तराची वाट बघून तिने टाचण्यांचा डबा मिटला आणि ती स्टेशनकडे चालू लागली.

ती गोदामाच्या बाहेर पडली आणि पाच-सात मिनिटांत रेडिओवर तिचं नाव आलं.

ग्रासिएला नंतर सांगायची, की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक पोरगी म्हणाली, "अगं, आपल्या निमियाचं नाव घेतलं का?" दुसरीने रेडिओ मोठा केला. निवेदिकेने पुन्हा वाचलं, एनकार्नासिओनची निमिया आयाला, पोशाख शिवणारी, हिने ताबडतोब डायलिसिस केंद्राला फोन करावा, तिचा फोन आला आहे. ग्रासिएला पंचाहत्तर किलोची बाई, गुडघे दुखणारी. तिने भाच्याची मोटारसायकल घेतली आणि स्वतः चालवत स्टेशनवर गेली.

तोवर दोन्या निमियाच्या पासपोर्टवर शिक्का बसून ती काचेच्या आतल्या बाजूला बसली होती. दोनची गाडी रांगेत असतानाच सुटली होती. आता अडीचची. ग्रासिएला काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. पोलीस तिला बाजूला घ्यायला आला. आत आवाज पोचत नव्हता. ग्रासिएलाने मुठीचा फोन करून कानाला लावला आणि मग दोन बोटं कमरेच्या मागे, किडनी असते तिथे, टेकवली.

"मला ते कळलं," दोन्या निमिया मला म्हणाली, "आणि माझे पाय गेले. उभी राहिले तर पडेन असं वाटलं. म्हणून बसूनच राहिले. तिला वाटलं मला समजलंच नाही, ती आणखी जोराने थापा मारायला लागली."

पोलिसाला तिने विचारलं, फोन करू द्याल का? त्याने आपला फोन दिला. तोही अर्जेंटिनाचा, तेच उत्तर. बॅलन्स अपुरा. तिच्या पुढे-मागे चाळीस माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन बसलेली, त्यातल्या एका एनकार्नासिओनच्या बाईकडे आपल्याकडचा फोन होता, पण तिने पैसे जातात म्हणून रोमिंग बंद करून ठेवलं होतं आणि ते परत कसं चालू करायचं ते तिला येत नव्हतं. दोघींनी मिळून सगळी बटणं दाबली. तेवढ्यात गाडी लागली, पंधरा मिनिटं उशिराने.

पुलावर गाडी हळू चालते. खाली पाराना नदी केवढी रुंद आहे ते तिला त्या दिवशी समजलं असं ती म्हणायची. मधोमध गेल्यावर तिचा फोन एकदा थरथरला. आपल्या देशाचा टॉवर मिळाला होता. स्वागताचा मेसेज होता. कॉल लावायला गेली तर पुन्हा तेच: थकबाकीमुळे सेवा स्थगित.

आमच्या बाजूला गाडी यायला दोन पंचावन्न झाले. दाराशीच देल्मिरो उभा होता. त्याने आपला फोन पुढे केला. केंद्राचा नंबर आधीच लावलेला होता.

"मिर्ना," ती म्हणाली.

"स्टेशनवर आहात? फोन चालू ठेवा. कट करू नका."

मी दुसऱ्या लाइनवरून असुन्सिओनला लावला. बिझी. परत लावला, बिझी. घड्याळात दोन अठ्ठावन्न झाले होते. मागे कुठल्यातरी मशिनची शिटी वाजत होती आणि दुसरी नर्स माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या वेळी लागला.

"मिळाली," मी म्हटलं. "निघतेय. आत्ता."

"नक्की?" डॉक्टर ओविएदो म्हणाल्या. "मी दुसऱ्याशी बोलायलाच घेतलं होतं."

"नक्की. गाडीत बसलीय."

बसली नव्हती. मी दुसऱ्या कानावरच्या फोनमध्ये ओरडले, "बसा गाडीत." मला दार आपटल्याचा आवाज आला.

देल्मिरोने सहा तासांचा रस्ता पाच तासांत कापला. तिच्या अंगावर पोसादासला घातलेलाच ब्लाउज होता, आणि गळ्यात मापाची टेप. ती टेप तिच्या लक्षात आली ती हॉस्पिटलच्या दारात.

राखीव म्हणून बोलावलेला माणूस आधीच पोचला होता. काआगुआसूचा एक मेस्त्री, सुतार, तिच्याच वयाचा, बायको बरोबर. दोघांचं रक्त घेतलं, आणि देणाऱ्याच्या रक्ताशी ते जुळतं का हे बघायला काही तास लागतात. ते तास त्यांनी एकाच बाकावर काढले. कुणीच कुणाला शुभेच्छा दिल्या नाहीत, कारण एकाला दिलेली शुभेच्छा म्हणजे दुसऱ्याचं वाईट. सुताराने फक्त विचारलं, "तुम्ही किती वर्षं?" ती म्हणाली, "पाच." तो म्हणाला, "मी सात."

सकाळी डॉक्टर आले आणि तिच्यापुढे खाली बसले. तेव्हाच तिला कळलं. तिचं रक्त त्या किडनीला विरोध करत होतं. सुताराचं करत नव्हतं.

शनिवारी ती चार नंबरच्या खुर्चीत परत आली. मी सुई घातली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला फॉर्मचं सांगितलं, बहिणीचा नंबर बदलायचा माझ्याकडून राहिला ते. कपाटातल्या मेसेजचंही सांगितलं. पुढचा आख्खा आठवडा ती माझ्याशी बोलली नाही. हात पुढे करायची आणि खिडकीबाहेर बघायची. अकरा वर्षांत मला कुणी इतकं वाईट वागवलं नव्हतं, आणि तसं वागायचा तिला हक्क होता.

मग एका मंगळवारी ती आपणहून म्हणाली, "मी पोचले ना पण."

"पोचलात."

"रक्ताने नाही म्हटलं, ते चालेल मला. रक्त माझंच आहे. पण पोचलेच नसते आणि घरी बसून ऐकलं असतं की येऊन गेला फोन, तर मी वेडी झाले असते, मिर्ना. तो फॉर्म आण इकडे."

तिने दुसरा नंबर देल्मिरोचा लिहिला, तिसरा ग्रासिएलाचा, चौथा माझा. रकाने तीनच होते. चौथा तिने कडेला लिहिला.

महिनाअखेरीस बिल आलं. एकवीस लाख चाळीस हजार गुआरानी, म्हणजे तिची महिन्याभराची शिलाई. ती दुकानात गेली तेव्हा मी बरोबर होते.

"डेटा तुम्हीच वापरलाय, सेन्योरा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"मी टाचण्या लावत होते. फोन पिशवीत होता."

"फोनने वापरला."

"मग फोनकडून घ्या."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "हे बघ बाळा," ती म्हणाली, "पैसे द्यायचे ठरले तर हप्त्याने देईन. मला एवढंच सांग, मी कुणाला फोन लावत नव्हते. मला येणार होता. तो येणारा तुम्ही का अडवलात? त्यात तुमचं काय जात होतं?"

मुलाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, हे यंत्र आपोआप करतं. ती म्हणाली, हेच कागदावर लिहून द्या. त्याने दिलं नाही. ती खुर्चीत बसून राहिली, दुकान बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं म्हणून गेली नाही. तिसऱ्या दिवशी परत जाऊन बसली, आणि पाचव्या दिवशीही. तेव्हा लिहून मिळालं. तो कागद घेऊन तिने ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज केला. पाच महिने लागले. बिल रद्द झालं. माफी कुणी मागितली नाही, आणि तिने ती मागितलीही नव्हती. तिने अर्जात एकच मागणी केली होती, की प्रत्यारोपणाच्या यादीतल्या माणसांची लाइन येणाऱ्या कॉलसाठी बंद करू नये. त्यावर उत्तर आलं की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. ती अजून तिथेच असावी. आमच्या केंद्रात मात्र आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाचे सगळे नंबर आम्ही स्वतः लावून बघतो. ते काम माझं आहे.

दुसरा फोन बिल रद्द झाल्यानंतरच्या जानेवारीत आला, रविवारी दुपारी. ती घरीच होती, एका पिसाऱ्याची तार वाकवत. या वेळी रक्त जुळलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक माणूस तिला भेटायला आला. काआगुआसूचा सुतार. त्याने तिच्यासाठी पेरूंची पिशवी आणली होती आणि ती खायची परवानगी आहे की नाही हे नर्सला विचारून मगच टेबलावर ठेवली. दोघं अर्धा तास बसले. काय बोललात, असं मी नंतर विचारलं.

"काही नाही," दोन्या निमिया म्हणाली. "त्याच्या मुलीला कार्निव्हलला नाचायचंय. मापं घेऊन आला होता. चुकीची घेतलीत, परत घ्यावी लागतील."